डॅन्यूबकाठची लांब सफर: सायकल कोणती, आणि इंदूरहून तयारी कशी?

शिप्राकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं राजेंद्रनगर, इंदूरचे. वय पन्नाशीच्या पुढे. पुढच्या मे महिन्यात डॅन्यूब नदीच्या काठाने सायकल चालवायचा बेत आहे. जर्मनीतल्या पासाउपासून सुरुवात, मग लिंझ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. तिथवर गुडघे आणि संसार दोन्ही शाबूत राहिले तर पुढे सर्बिया, रोमानिया करत काळ्या समुद्रापर्यंत.

घरात दोन सायकली आहेत. अहोंची हायब्रिड: ॲल्युमिनियमची फ्रेम, ७००सी चाकं, ३५चे टायर, पुढे ४८-३८-२८ दात, मागे आठ गिअर ११-३२. माझी जुनी एमटीबी (माउंटन बाइक): स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे ४२-३४-२४, मागे सात गिअर १४-२८, आणि समोर तो स्वस्तातला डुगडुगणारा सस्पेन्शन फोर्क. सुट्टीच्या दिवशी सुपर कॉरिडॉर, कधी रालामंडल, थंडीत उज्जैन. सामान लादून मात्र कधी चालवलेली नाही.

दुकानात विचारलं तर म्हणाले, टूरिंगची सायकल मागवावी लागेल, त्यापेक्षा ही रोडबाइक बघा, किती हलकी आहे. लेक म्हणतो, तिकडेच विकत घ्या. शेजारचे म्हणतात, हे वय आहे का. शेवटच्या मुद्द्यावर सल्ला नको आहे, बाकी सगळ्यावर हवा आहे.

पोहेजिलेबी
धाग्यावर मुक्काम ठोकला आहे. वाचनखूण साठवली, म्हणजेच वाखुसा.

बडोदेकर
अभिनंदन ताई! मी बडोद्याचा, बीआरएमवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने गाठणारा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत, असलं वेड. माझं मत: हलकी सायकल घ्या. किलोभर वजन कमी झालं की दिवसाच्या शेवटी जाणवतं. दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाही. पुढे ५०-३४, मागे ११-२८ अशी ॲल्युमिनियमची रोडबाइक आणि सीटच्या मागे एक लांबुळकी बॅग. हॉटेलात राहणार असाल तर लागतंय काय आणखी?

गिअरकाका
बडोदेकर, तुमच्या बीआरएमला सलाम. पण तुमच्याबरोबर तंबू नसतो, चार दिवसांचे कपडे नसतात आणि बायकोची औषधांची पिशवी नसते.

शिप्राताई, सायकल निवडताना लोक फ्रेमपासून सुरू करतात: स्टील की ॲल्युमिनियम, कंपनी कोणती, रंग कोणता. मी उलटीकडून सुरू करतो. पहिलं बघायचं सगळ्यात हलका गिअर, दुसरं मागचं चाक, तिसरं सामान बांधायची सोय, चौथं बसायची बैठक. या चारात पास झाली तर फ्रेम कशाची का असेना.

गिअरचा हिशेब घरी करता येतो. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा परीघ. पेडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल किती पुढे जाते ते कळतं.

अहोंची हायब्रिड: २८ भागिले ३२, गुणिले साधारण २.१७ मीटर, म्हणजे १.९ मीटर.
तुमची एमटीबी: २४ भागिले २८, गुणिले २.०५, म्हणजे १.७६ मीटर.
दुकानातली रोडबाइक: ३४ भागिले २८, गुणिले २.१, म्हणजे २.५५ मीटर.

आता मिनिटाला साठ वेळा पेडल मारायचं धरा. त्याच्या खाली गेलं की गुडघे कुरकुरतात. रोडबाइकवर त्या लयीत राहायचं तर सगळ्यात हलक्या गिअरमध्येही ताशी ९ किलोमीटरच्या वर चालवावं लागेल, हायब्रिडवर सातच्या आत भागेल. आठ टक्क्यांचा चढ, माणूस-सायकल-सामान मिळून शंभर-सव्वाशे किलो. तिथे ताशी ९ ठेवणं आपल्या वयाचं काम नाही. उतरून ढकलाल. सामानासह लांबच्या प्रवासाला मी दीड ते पावणेदोन मीटरच्या आसपासचा गिअर बघतो. थोडक्यात, घरातल्या दोन्ही सायकली त्या नव्या रोडबाइकपेक्षा उजव्या आहेत. आणि तुम्ही जिला जुनी म्हणून कमी लेखता आहात ती एमटीबी अहोंच्या सायकलीपेक्षाही उजवी.

शिप्राकाठ
काका, हे मी अहोंना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

सूक्ष्मदर्शी
एक शंका. नदीच्या काठाने, तीही प्रवाहाच्या दिशेने जायचं आहे. नदी काही डोंगर चढत नाही. मग हा दीड मीटर, पावणेदोन मीटरचा खटाटोप कशाला? पासाउ ते व्हिएन्ना सव्वातीनशे किलोमीटर. तिथे शाळकरी पोरं तीन गिअरच्या सायकलीवर फिरतात.

निळी_सायकल
मी मूळची इंदूरची, आता लिंझला असते. सूक्ष्मदर्शींचं पासाउ ते व्हिएन्ना या पट्ट्यापुरतं बरोबर आहे. तो रस्ता सपाट, डांबरी आणि मोटारींपासून बहुतेक वेगळा आहे. ऑस्ट्रियात त्याला आर१ अशी पाटी असते आणि युरोव्हेलो ६ या अटलांटिक ते काळा समुद्र मार्गाचा तो भाग आहे. श्लोगेनजवळ नदी जवळपास उलटी वळते, तिथे सायकलींसाठी लहान होडी असते. नदीकाठी किलोमीटरचे आकडे दिसतात ते समुद्राकडून मोजलेले असतात. पासाउजवळ २२०० च्या वर, आणि पुढे जाल तसे कमी होत जाणारे. काळ्या समुद्राचं मनात असेल तर रोज तो आकडा बघून हुरूप येईल, किंवा धडकी भरेल.

फक्त व्हिएन्नापर्यंत जायचं असतं तर मी सांगितलं असतं, भाड्याने घ्या. पासाउला घेऊन व्हिएन्नाला सोडायच्या सायकली मिळतात. तुमचा बेत त्याच्या कितीतरी पुढे जातो.

इथे जुनी विकत घ्यायचा पर्यायही वाईट नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात ट्रेकिंग सायकल म्हणून जी मिळते तिला कॅरियर, मडगार्ड, स्टँड आणि बहुतेक वेळा पुढच्या चाकात डायनॅमो हब (दिव्यासाठी वीज बनवणारा चाकाचा तुंबा) असतो. दिव्यांसकट सगळं जोडलेलं. पण दोन अडचणी. सीझनच्या तोंडावर तुमच्या उंचीची बरी सायकल शोधण्यात हॉटेलचं भाडं भरत बसाल, आणि अनोळखी सायकलीवर पहिल्या आठवड्यात कंबर आणि मनगटं कुरकुरतील. घेतलीच तर फ्रेम नंबर लिहिलेली पावती घ्या. माझं मत आपली सायकल आणा असंच आहे.

घाटवेडा
सूक्ष्मदर्शी, नदी डोंगर चढत नाही हे खरं, पण रस्ता चढतो. सर्बियात गोलुबाकच्या किल्ल्यापासून पुढे डॅन्यूब लोखंडी दरवाजा म्हणतात त्या खिंडीत शिरते. तिथे दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आहेत. सर्बियाच्या बाजूचा रस्ता कधी पाण्यालगत, कधी चांगला वर, आणि एकामागून एक बोगदे. मागचा लाल दिवा तिथे दिवसाही लागतो. शिवाय त्या भागात कोशावा नावाचा आग्नेयेकडून येणारा वारा आहे. तुम्ही जाणार पूर्वेला, म्हणजे तो तोंडावर. त्याचा जोर थंडीच्या दिवसांत जास्त, पण वसंतातही उठतो. दोन पिशव्या लटकवलेल्या सायकलीला समोरचा वारा चढासारखाच लागतो, फरक एवढाच की घाटाला माथा असतो.

सूक्ष्मदर्शी
पटलं. बोगद्यांचं माहीत नव्हतं.

बडोदेकर
काका, गिअरच्या गणितापुढे मी गप्प. पण स्टील-ॲल्युमिनियमवर बोला की. सगळे जगफिरे स्टीलच वापरतात, कुठल्याही गावात वेल्डिंग होतं म्हणून.

गिअरकाका
ते वेल्डिंगचं पुराण मला कधी फारसं पटलं नाही. चांगल्या क्रोमोली (मिश्र पोलादाच्या) फ्रेमच्या नळ्या पातळ असतात, गेट-ग्रिलवाल्याने त्यावर वेल्डिंग मारलं तर भोक पडेल. आणि डॅन्यूबच्या काठी फ्रेम मोडली तर जवळच्या गावात सायकलचं दुकान सापडेल. पामीरला निघाला असतात तर वेगळं बोललो असतो. स्टीलची सायकल अंगाला बरी लागते हे खरं, पण त्यातला अर्धा वाटा जाड टायरचा असतो. शक्य तेवढे रुंद टायर घाला आणि हवा दगडासारखी भरू नका.

आता शिप्राताईंच्या दोन सायकलींचं काय करायचं ते.

हायब्रिड. मागे ११-३२ आहे तिथे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा जुडगा) लावा, चेनही नवी. १.९ मीटरवरून १.७९ वर येतो. मागच्या कॅरियरसाठी फ्रेमला आट्यांची भोकं आहेत का बघा, बहुतेक असतात. पिशवी लावून पेडल मारून बघा, टाच पिशवीला आपटते का. रोडबाइकचा मागचा त्रिकोण आखूड असतो म्हणून हटकून आपटते, हायब्रिडला सहसा निभावतं. चाकाचा आऊट (डुगडुग) काढून सगळे स्पोक एकसारखे ताणून घ्या. ३६ स्पोकचं चाक असेल तर उत्तम, ३२ असेल तरी अहोंचं वजन फार नसेल तर चालेल.

एमटीबी. हिच्यावर खर्च करा, खरोखर. सात गिअरवाल्या जुन्या सायकलीत मागे बहुधा फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा जुडगा) असतं, कॅसेट नव्हे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचा बेअरिंग बराच आत असतो, त्यामुळे ॲक्सलचा एक तुकडा आधाराशिवाय राहतो. सामान लादलं की तो वाकतो, कधी मोडतो. म्हणून मागचं चाक नवं बांधून घ्या: कॅसेटचा हब, ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम. आधी फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर मोजा, १३५ मिलिमीटर असेल तर काम सोपं. शिफ्टर बदलायची गरज नाही, आठच्या हबवर सातची कॅसेट एक स्पेसर घालून बसते. १२-३२ घातली तर दीड मीटरच्या जवळ याल, मग आपल्या महूकडच्या घाटातला जाम दरवाजा काय आणि लोखंडी दरवाजा काय.

तो डुगडुगणारा फोर्क काढा. साधा फोर्क लावा, पण त्याच उंचीचा, नाहीतर पुढची बाजू खाली झुकते आणि सायकल अस्थिर होते. दीड-दोन किलो आपोआप कमी होतील. खडबडीत नक्षीचे टायर काढून पंक्चर-रोधक थर असलेले गुळगुळीत टायर. २६ इंची चाकं नव्या सायकलींत कमी झाली आहेत, पण टायर मिळतात. फक्त '२६ इंच' एवढं सांगू नका, टायरच्या भिंतीवरचा ५५९ हा आकडा दाखवा. ७००सीचा आकडा ६२२. हा आकडा जुळला की भाषेचा प्रश्न येत नाही.

पोहेजिलेबी
काकांच्या एका प्रतिसादात माझ्या सायकलीचे चार आजार निघाले.

घाटवेडा
सरावाचं मी सांगतो. सुपर कॉरिडॉरवर कितीही फेऱ्या मारा, कळणार काहीच नाही. आपलं पठार साधारण साडेपाचशे मीटरवर, इथे घाट हवा तर विंध्याच्या कडेला जायचं. महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागा. जाम दरवाजा, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला, तिथून घाट खाली निमाडात उतरतो. महेश्वरला मुक्काम करा, संध्याकाळी नदीच्या घाटावर बसा, आणि दुसऱ्या दिवशी तोच जाम दरवाज्याचा घाट सामानासह चढा. उतरताना ब्रेक कळतात, चढताना गिअर कळतो, आणि घरी आल्यावर कळतं की पिशवीतलं निम्मं सामान उघडलंच नव्हतं. थंडीत करा. मार्चनंतर निमाडात दुपारी जाऊ नका.

एका दिवसात शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा लागोपाठ तीन-चार दिवस पन्नास-साठ करणं महत्त्वाचं. बैठकीचे प्रश्न तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतात. सीटची उंची, हँडलचं अंतर, हाताला मुंग्या येतात का, हे सगळं इथेच मिटवा. ताई, तुमच्या सायकलीवर पुरुषांच्या मापाची अरुंद सीट असेल तर ती आजच बदला.

निळी_सायकल
+१. आणि पॅडेड चड्डी आतून अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं म्हणून सांगते.

इकडच्या काही गोष्टी. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच सोय करून ठेवा, नाहीतर पेट्रोलपंपावरच्या सँडविचवर दिवस काढाल. कुठेही तंबू ठोकता येत नाही, कॅम्पसाइट बघायची. नदीकाठी भरपूर आहेत. छप्पर हवं असेल तर जर्मनीत सायकलवाल्यांसाठी 'बेट उंड बाइक' अशी पाटी असलेली घरं आणि हॉटेलं असतात. वॉर्मशॉवर्स या संकेतस्थळावर सायकलप्रवाशांना घरी फुकट उतरवून घेणारे लोक भेटतात. इंदूरमध्ये तुम्हीही कुणाला उतरवून घ्या, मग विचारायला संकोच वाटणार नाही. आगगाडीत सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

खाण्याचं: तूप, पेढे, चक्का यातलं काही आणू नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तुपाची बरणीही त्यात येते. शेव आणा. शेवेला कुणाची ना नाही.

शिप्राकाठ
सासूबाईंनी तुपाची बरणी आत्तापासूनच बाजूला काढली होती! व्हिसाबद्दल कुणी सांगेल का? रोजचा मुक्काम ठरलेला नसताना बुकिंग काय दाखवायचं?

घाटवेडा
शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात सायकलवरचा अपघात धरतात का ते पॉलिसीत वाचून घ्या. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज. टप्प्यांचा तक्ता करा: तारीख, गाव, किलोमीटर. सोबत रद्द करता येतील अशी बुकिंगं. सायकलप्रवास आहे हे पत्रात सरळ लिहा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता गंमत दिवसांची. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, तेही व्हिसावर तेवढे लिहिले असतील तर. सर्बिया शेंगेनमध्ये नाही, पण वैध शेंगेन व्हिसा असला की तिथे जाता येतं. मात्र सर्बियातून रोमानियात शिरलात की पुन्हा शेंगेनमध्ये आलात, कारण रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे त्यात आहेत. म्हणजे बहुप्रवेश व्हिसा हवाच. एकल प्रवेशाचा मिळाला तर हंगेरीच्या हद्दीत थांबा.

बडोदेकर
विमानाचं पॅकिंग माझ्याकडे. सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचं पुठ्ठ्याचं खोकं मागून आणा, बहुतेक जण फुकट देतात. पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटे घालवू नका. पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा अडकवा, तोही दुकानातच मिळेल. मागचा डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) सोडवून, फडक्यात गुंडाळून आतल्या बाजूला बांधा. डिस्कब्रेक असतील तर पॅडच्या मधे पुठ्ठा. टायरची हवा थोडी कमी करा.

पॉवरबँक खोक्यात टाकायची नाही, हातातल्या सामानात. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, मर्यादा १०० ची आहे, म्हणजे चालते. चुलीचा गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही. स्क्रूसारख्या आट्यांचा गॅसचा डबा तिकडे घ्या, चूल इथून न्या.

इंदूरहून दिल्ली-मुंबईला जाणाऱ्या विमानात खोकं घेतील का ते आधी लेखी विचारा. मी तुमच्या जागी असतो तर अवंतिकाने मुंबई गाठली असती, खोकी लगेजच्या डब्यात बुक करून, आणि तिथून एकच विमान पकडलं असतं.

पोहेजिलेबी
१९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी मंडळींपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये फेरी पुरी करून परत आले. ना शेंगेन, ना पॉवरबँक. बाकी चालू द्या.

सूक्ष्मदर्शी
आणि ना वाखुसा.

शिप्राकाठ
मंडळी, ठरलं. नवी सायकल घेत नाही. माझ्या एमटीबीचं मागचं चाक बांधायला टाकलं (खाचांमधलं अंतर १३५ च निघालं), साधा फोर्क मागवला. अहोंची कॅसेट बदलली. रोडबाइकच्या पैशांत दोन्ही सायकलींचं काम, चार पिशव्या, विमा आणि दोघांचं व्हिसाशुल्क बसतं आहे. जानेवारीत जाम दरवाजा-महेश्वर नक्की. पासाउ ते बुडापेस्टचा तक्ता केला आहे, पुढचं तिथे पोहोचल्यावर बघू, पण व्हिसा बहुप्रवेशाचाच मागणार.

एकच प्रश्न उरला. सुटे भाग काय न्यायचे? अहो सियागंज बाजारात निम्मं दुकान उचलायला निघाले आहेत.

गिअरकाका
त्यांना थांबवा. प्रत्येकी दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, एक मल्टिटूल, चेन तोडायचं हत्यार आणि चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, ब्रेकच्या पॅडची एक जोडी, गिअरची एक तार, ब्रेकची एक तार. बाकी तिकडे मिळतं.

दोन गोष्टी मात्र तिकडे सहज मिळणार नाहीत, त्या इथूनच. पहिली, ज्या तुकड्यावर मागचा डेरेलर लटकतो तो हँगर. अहोंच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा तो सुटा असतो, मॉडेलप्रमाणे आकार वेगळा, आणि सायकल उजव्या अंगावर पडली की वाकायचा मान त्याचाच. तुमच्या स्टीलच्या फ्रेमचा बहुधा फ्रेमचाच भाग असेल, तो सरळ करता येतो. दुसरी, मागच्या चाकाचे स्पोक. डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळ्या लांबीचे असतात, म्हणून दोन्हीचे तीन-तीन घ्या, चाक बांधणाऱ्याकडूनच मागा, आणि मडगार्डच्या पट्टीला टेप लावून चिकटवा. उजवीकडचा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते, तिचं छोटं हत्यार विसरू नका. चाक घ्यायला जाल तेव्हा त्याच्यासमोर एक स्पोक काढून, बसवून, आऊट काढून बघा. त्याने तोंड वाकडं केलं तर चहा पाजा.

शिप्राकाठ
हँगर काढून पाहिला, आत्ताच थोडा वाकलेला आहे. दोन मागवते.